मनकर्णाबाईंचा मिठाचा हात

मनकर्णाबाईंच्या हाताला मीठ नाही, असं कवठाखारीत कोणी म्हणत नाही, कारण कवठाखारीत कोणाच्याच हाताला मीठ नाही. ते पाण्यातच असतं. भातकुली तालुक्याच्या या खारपाण पट्ट्यात विहीर खोदली तर पाणी खारं आणि बोअर मारला तर त्याहून खारं. अंगाला साबण लावला तर फेस येत नाही, आणि कुकरने कितीही शिट्ट्या मारल्या तरी डाळ आपला हट्ट सोडत नाही. नळ आहे, पण त्याला पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि ते पिण्यापुरतंच पुरतं. बाकी सगळा कारभार बोअरवर. पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन कपाकडे बघत बसला, की घरच्यांनी ओळखावं, हा गोड्या पाण्याकडचा.

मनकर्णाबाई स्वतःही गोड्या पाण्याकडच्याच. सातपुड्याच्या पायथ्याचं सावळदरा हे त्यांचं माहेर. लग्न होऊन आल्या तेव्हा वय सोळा-सतरा. सासूने पहिल्याच आठवड्यात वरण करायला सांगितलं आणि मनकर्णेने आईच्या मापाने मीठ घातलं. सासऱ्यांनी एक घास घेतला, घाईघाईने गडू तोंडाला लावला, आणि त्यातलं पाणी पिऊन तोंड आणखीच वाकडं केलं. सासू तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "वं सूनबाई, आमच्या इथं देवानं मीठ टाकूनच पानी देल्लं. तू त्याच्यात आनखीन कावून टाकून राह्यली?"

घर हसलं. हसले नाहीत ते एकटे नत्थुजी, तिचे यजमान. त्यांनी मान खाली घालून ताट साफ केलं आणि हात धुऊन वावरात निघून गेले. त्या दिवशी त्यांनी मीठ जास्त झालं म्हटलं नाही, आणि पुढे उभ्या आयुष्यात कधी कमी झालं असंही म्हटलं नाही. जेवणाबद्दल बोलायचं असतं हे त्यांना ठाऊकच नसावं.

मनकर्णेचा हात मग आपोआप आखडला. चिमटीची अर्धी चिमूट झाली, आणि पुढे पुढे तर वरणात मीठ टाकायचं ती विसरूनच गेली. पहिल्या दिवाळीला माहेरी गेली, कौतुकाने स्वयंपाक केला, तर वडील भगवंतराव पहिल्याच घासाला थांबले. "काय वं मने, मीठ सासरीच ठेवून आली काय?" तिने चाखून बघितलं तर वरण अगदी अळणी. आई हसून हसून बेजार झाली. त्यानंतर ती दर वेळी माहेरी जायची तेव्हा भगवंतराव हाच प्रश्न विचारायचे, कधी कधी तर जेवायला बसायच्या आधीच.

माहेर आणखी काही वर्षंच राहिलं. सावळदऱ्यात आधी एक जीप आली. मग खुंट्या आल्या. लोकांच्या अंगणात, देवळाच्या पाठीमागे, आंब्याच्या बुडाशी लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या गेल्या आणि कोणालाच त्याचा अर्थ कळेना. पोरांनी त्यातल्या काही उपटून विटीदांडू केला. शेवटी शाळेत सभा झाली आणि साहेबाने भिंतीवर नकाशा टांगला. नदीवर धरण होणार होतं, गाव पाण्यात जाणार होतं, आणि धरणातून निघणारा कालवा पार खाली खारपाण पट्ट्यात गोडं पाणी नेणार होता. सभेत पुष्कळ आरडाओरडा झाला. भगवंतराव ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, कवठाखारी कुठं आहे याच्यात? साहेबाने कालव्याच्या निळ्या रेघेवरून बोट खाली खाली नेलं आणि रेघ जिथे संपत होती तिथे टेकवलं. "हे काय. शेवटचं गाव."

दुसऱ्याच आठवड्यात भगवंतराव लेकीच्या दारात येऊन बसले. पायातली वहाणही काढली नव्हती. म्हणाले, "मने, गाव जाते आपलं. पन पानी तुह्या दारी येते. मी सही देल्ली."

सावळदऱ्यात सही देणाऱ्यांत ते पहिले होते. लोकांनी त्यांना नावं ठेवली, एका चुलतभावाने तर बोलणंच टाकलं. लोकांना घर जाताना दिसत होतं. भगवंतरावांना त्याच्याही पलीकडे लेकीची डाळ शिजताना दिसत होती. बापांचा हिशेब कधी कधी असा असतो, त्याला काही इलाज नाही.

धरण झालं. लोकांनी छपरांवरचे कवेलू उतरवले, दारांच्या चौकटी उखडून बैलबंडीत घातल्या आणि जो तो जिकडे पाय नेतील तिकडे गेला. कोणी नव्या गावठाणात, कोणी अकोल्याला मजुरीला. भगवंतराव बार्शीटाकळीला मेहुण्यांकडे गेले आणि तिथेच वारले. शेवटच्या आजारात मनकर्णा भेटायला गेली, तेव्हा त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं, "आलं काय वं पानी?" तिने, पानी येते, म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं ते, तेव्हा तिचाही विश्वास होता.

माहेर असं गेलं म्हणजे बाईने दिवाळीनंतर जायचं कुठे? सावळदऱ्याच्या लेकींनी त्यावर तोड काढली. कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा भरते, वर्धा नदीच्या काठी. रुक्मिणीचं माहेर ते. या सगळ्या जणी तिथे जमतात, घाटावर बसून एकमेकींच्या शिदोऱ्या सोडतात, गेलेल्या माणसांची नावं काढतात, थोडं रडतात आणि संध्याकाळच्या गाडीने आपापल्या सासरी परततात. मनकर्णाबाईंनी ही जत्रा क्वचितच चुकवली असेल.

आता कालव्याचं. तो आला, पण पाण्याशिवाय आला. नत्थुजींच्या वावराचे मधोमध दोन तुकडे करून पुढे शेजारच्या मोतीरामच्या वावरात गेला आणि तिथे संपला. खोदकामावर मनकर्णाही टोपली घेऊन होती, गावातल्या बहुतेक बाया होत्या. वर धरणावर फीत कापली गेली, हारतुरे झाले, आणि गेट उघडल्यावर पाणी निघालं ते वरच्या गावांपर्यंत पोचून तिथेच मुरलं. वरच्या लोकांनी संत्र्याच्या बागा लावल्या होत्या. बागेला तहान लागली की कालव्यात रबरी नळी पडायचीच. कवठाखारीने त्यांना पोटभर शिव्या दिल्या. खरं सांगायचं तर कवठाखारी वर असती तर तिनेही तेच केलं असतं, पण शिव्या देताना असला विचार कोण करतो? शिवाय काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. कालव्याचं अस्तर तिने दोन-चार वर्षांत उखडून टाकलं. जे थोडंफार पाणी संत्र्यांच्या तावडीतून सुटायचं ते भेगांत जायचं.

कोरड्या कालव्यात गावाने संसार मांडला. शेजारच्या इंदूबाईच्या बकऱ्या तिथे बसायच्या, पोरं क्रिकेट खेळायची, लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या तिथे लागायच्या. नत्थुजी मात्र दसरा झाला की कुदळ घेऊन आपल्या वाट्याचा कालवा साफ करायचे. बाभळीची रोपं उपटायचे, गाळ काढायचे. लोक म्हणायचे, नत्थुजी, पाहुणा येनार हाये का? ते उत्तर देत नसत. आणि हिवाळ्यात पाणी सोडायचे दिवस आले की मनकर्णाबाई वावरात जाता जाता काठावर थांबायच्या, वरच्या अंगाला बघायच्या, पदर सावरायच्या आणि कामाला लागायच्या.

मग एका कार्तिकात त्या कौंडण्यपूरहून परत आल्या तर वावरात कालवा नव्हता. नत्थुजींनी ट्रॅक्टर लावून तो बुजवला होता, अगदी धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, या बांधापासून त्या बांधापर्यंत. पुढच्या मृगात त्यांनी त्या पट्ट्यात तूर पेरली. मनकर्णाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्या पट्ट्यातली तूर त्यांनी घरात शिजू दिली नाही. पोती वेगळी ठेवायच्या आणि सगळी बाजारात घालायला लावायच्या. बाकीच्या वावरातली तूर घरात, कालव्यातली बाहेर. नत्थुजींना हे कळत होतं, तेही बोलले नाहीत. बारा-तेरा वर्षं असंच चाललं.

अलीकडे कालव्याच्या दुरुस्तीचं काम निघालं. वरून खाली नवं अस्तर, नवी गेटं. कवठाखारीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात कालव्याच्या अभियंता आरती मॅडम गावात आल्या. पोरगी तिशीच्या आतली, बोलायला सरळ. पंचायतीसमोर उभी राहून तिने सांगितलं, "यंदा रब्बीचं पाणी टेलपर्यंत, म्हणजे पार शेवटापर्यंत, चालवून बघायचं आहे. शेवटच्या वावरात पोचलं तर तुमचा हक्क कायम. नाही पोचलं तर जिथवर पोचेल तिथून खालचा कालवा रद्द होणार. मग पुन्हा पाणी मागता येणार नाही. मी खोटी आशा दाखवत नाही, पण वरच्या नळ्यांवर या वेळी माझी माणसं बसणार आहेत. तुम्ही तुमचा कालवा मोकळा ठेवा."

लोक टाळ्या वाजवून घरी गेले आणि विसरले. मनकर्णाबाई विसरल्या नाहीत. रात्री अंथरुणावर त्यांना तो रद्द शब्दच ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई आली. मोतीरामची बायको ती. तिचं वावर सगळ्यात शेवटी, नत्थुजींच्या पलीकडे. त्यांनी आपला कालवा कधी बुजवला नव्हता. इंदूबाई दारातच उभी राहिली. "मनकर्णाबाई, मी भांडाले नाही आली. तुमची तूर उभी हाये तिथं पानी थांबते. माह्यं वावर त्याच्या पुढं हाये. येवढंच सांगाले आली." आणि चहालाही न थांबता गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नत्थुजी ओट्यावर बसले होते. मनकर्णाबाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"तूर काढा."

"कोनती?"

"कॅनॉलातली."

"पागल झाली काय? दाना भरून राह्यला आता. पंधरा-वीस रोज तरी लागतेत तिले."

"पानी त्याच्या आंधी येते."

"येते!" नत्थुजी एवढ्या मोठ्याने बोलले की आतून त्यांची सून रागिणी डोकावली. "तुह्या बापालेबी हेच सांगतलं होतं. येते म्हने. आलं का?"

लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, पण त्यांनी बायकोच्या बापाचा विषय असा कधी काढला नव्हता. मनकर्णाबाई खांब सोडून पुढे आल्या. मग म्हणाल्या, "माह्या बापानं गाव देल्लं. घर, वावर, आंबे, समदं देल्लं, पानी माह्या दारी येईन म्हनून. आन् ते आपल्याच तुरीपाशी थांबलं, तर म्या काय समजावं? माह्यं माहेर फुकट बुडालं?"

नत्थुजी जमिनीकडे बघत राहिले. "मले तूर प्यारी नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तू दर हिवाळ्यात त्या कोरड्या नालीपाशी जाऊन उभी राहे. मी इकून कापसाच्या पराटीतून तुले पाहो. लय वर्सं पाह्यलं. मग मले पाहावलं नाही. बुजवली म्हंजे तू तिकडं पाहाचं सोडशीन, असं वाटलं."

मनकर्णाबाईंना हे कधी सुचलंच नव्हतं. एवढी वर्षं त्या समजत होत्या की माणूस रागाने आंधळा झाला आणि त्याने आपलं माहेर दुसऱ्यांदा पुरलं. आता त्या रागाचं काय करायचं, कुठे ठेवायचा, हे त्यांना कळेना.

"मंग सोडलं काय म्या पाहाचं?" त्यांनी विचारलं.

नत्थुजींनी टोपी डोक्यावर नीट बसवली. ते उठून गोठ्यात गेले.

सकाळी मनकर्णाबाई विळा घेऊन एकट्याच वावरात गेल्या. तूर डोक्याच्या वर गेली होती, शेंगांनी लगडली होती. उभं पीक कापायला शेतकऱ्याच्या बाईचा हात धजत नाही. पहिलं झाड कापताना त्यांनी त्याला हात लावून नमस्कार केला. थोड्या वेळाने मागून रागिणीचा आवाज आला, "आत्याबाई, थांबा. मी येते." तिने पदर खोचला. मग मुलगा विपुल आला, कपाळाला हात लावत, तुमी दोघी बाबाले मारसान म्हणत, पण ट्रॅक्टर घेऊनच आला.

दुपारी नत्थुजी धुऱ्यावर येऊन उभे राहिले. विळे चालूच राहिले. त्यांनी कापलेल्या पट्ट्याकडे नीट बघितलं आणि ओरडले, "अशी कापतेत काय? खुटं तसेच ठेवले. पानी काय एकेका खुटाले पुसत पुसत जाईन?" आणि विपुलच्या हातातली कुदळ ओढून घेतली. त्यांना पटलं होतं असं नाही. पण वाईट केलेलं काम त्यांना बघवत नाही, हा त्यांचा जुना आजार आहे. तीन-चार दिवस सगळं घर त्या पट्ट्यात राबलं. कालवा पुन्हा कालव्यासारखा दिसू लागला. कापलेल्या तुरीच्या शेंगा रागिणीने सोलल्या, हिरवे दाणे खाटेवर उन्हात घातले. हे दाणे घरात ठेवायचे की नाही, म्हणून तिने सासूकडे बघितलं. मनकर्णाबाई नाही म्हणाल्या नाहीत.

मग पाणी सुटलं. विपुलच्या फोनवर बातम्या येऊ लागल्या. अमुक गाव ओलांडलं, तमुक पुलाखालून गेलं. संत्र्याच्या पट्ट्यात अडलं. तिथे भांडण झालं म्हणे, आरती मॅडमची गाडी दिवसभर तिथेच उभी आहे म्हणे. सांगितलेला दिवस आला आणि गेला. दुसराही गेला. चौकातली रिकामटेकडी माणसं खुशीत होती. "काहो मनकर्णाबाई, पानी काय एस्टीनं येऊन राह्यलं? सीट नसंन भेटली." त्या हसून पुढे जायच्या, आणि घरी पोचल्या की विपुलला फोन बघायला लावायच्या.

नत्थुजींनी एकदाही "म्या सांगतलं होतं" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई पराटीत कापूस वेचत होत्या आणि सहज मान वर केली, तर नत्थुजी कालव्याच्या काठावर उभे. हातात कुदळ नाही, काही काम नाही. नुसते वरच्या अंगाला बघत होते. बराच वेळ तसे उभे राहिले, मग टोपी काढून पुन्हा घातली आणि धुऱ्याकडे वळले. मनकर्णाबाईंचे हात कापसातच राहिले. एवढी वर्षं इकडून बघणाऱ्या माणसाला काय होत असेल, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली, आणि ती तुरीची किंवा कालव्याची नव्हती. आशा सोडून कसाबसा स्वस्थ झालेला हा म्हातारा. आपण त्याला पुन्हा वाट बघायला लावली. आता पाणी आलं नाही, तर याला कोणत्या तोंडाने समजावायचं?

पाणी त्यानंतरच्या दुपारी आलं. त्याचा काही डौल नव्हता. आधी फेस आला, मग काटक्या, पाला, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि त्या सगळ्या कचऱ्याच्या पुढे लोळत लोळत एक सडकं संत्रं. विपुल हसून हसून खाली बसला. "वरच्याईनं परसाद धाडला!"

पाणी नत्थुजींच्या पट्ट्यात शिरलं आणि थांबलं. इतकी वर्षं नांगरलेली माती ती, भुसभुशीत, आणि तिच्याखाली हात-हात खोल भेगा. जेवढं यायचं तेवढं ती प्यायची. पाणी एक पाऊल पुढे सरकायचं, बुडबुडे यायचे, आणि ते नाहीसं व्हायचं. पलीकडून मोतीराम आणि इंदूबाई येऊन उभे राहिले. ऊन कलायला लागलं. आरती मॅडमही आल्या, बूट चिखलात रुतवत. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "वरून पाणी अंधार पडेपर्यंत आहे." तेवढंच.

नत्थुजी कालव्यात उतरले. गुडघ्यावर बसून ते एकेका भेगेत माती कोंबायला लागले, वरून मुठीने दाबायला लागले. मोतीराम त्यांच्या शेजारी उतरला. दोघांचं या कालव्यावरून बोलणं बंद होऊन जमाना झाला होता. "इकडं टाका, नत्थुजी, हे मोठी हाये," मोतीराम म्हणाला, आणि नत्थुजींनी माती टाकली. विपुल उतरला, रागिणी उतरली. मनकर्णाबाई काठावरून तुराट्यांचे भारे देत होत्या, ते भेगांवर आडवे घालून वर चिखल लिंपला जात होता. माती पीत राहिली. मग केव्हातरी तिचं पोट भरलं. पाणी थोडा वेळ साचून राहिलं, आणि एका बाजूने, अगदी बोटभर धारेने, मोतीरामच्या वावराकडे निघालं.

इंदूबाईने चपला काढल्या आणि पाणी जिथे आलं तिथे जाऊन उभी राहिली. पाणी तिच्या पायांवरून गेलं. आरती मॅडमनी फोटो काढला आणि चष्मा पुसायला घेतला.

सगळे मनकर्णाबाईंकडे बघत होते, आता ही रडेल म्हणून. त्यांनी ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. पाणी गोड होतं, जिभेला थोडी माती लागली. त्यांना वाटलं होतं, काहीतरी आठवेल. आंब्याचा मोहर, नदीतले गोटे, आईचा आवाज, काहीतरी. तसं काही झालं नाही. पाण्याला सावळदरा माहीत नव्हता. त्यांना थोडं वाईट वाटलं, थोडं मोकळंही वाटलं. त्यांनी घरून आणलेली कळशी भरली आणि डोक्यावर घेऊन निघाल्या.

घरी त्यांनी पाण्यात तुरटी फिरवली, खालचा गाळ बसू दिला, वरचं पाणी फडक्यातून गाळून उकळलं. मग खाटेवरचे ते दाणे धुऊन कुकरला लावले. त्या पट्ट्यातली तूर या घरात पहिल्यांदाच चुलीवर चढत होती. पहिली शिट्टी झाली तेव्हा सवयीप्रमाणे त्यांनी लक्ष दिलं नाही. दोन-तीन शिट्ट्यांनीच झाकण उघडून बघितलं तर दाणे शिजून मऊ झालेले. रागिणी बघतच राहिली. मनकर्णाबाईंनी लसूण-मिरचीची फोडणी दिली, सांबार म्हणजे कोथिंबीर चिरून टाकली, आणि म्हणाल्या, "आज समदे संग बसू. तूबी बस."

ताटं वाढली गेली, ज्वारीची भाकर, वर दाण्यांचं वरण. विपुलने घास घेतला आणि बायकोकडे बघितलं. रागिणीने घास घेतला आणि ताटात बघितलं. दिवसभराचं काम, आईचा हा दिवस, कोण बोलणार? नत्थुजींनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग त्यांचा हात थांबला.

"विपुलची माय."

"काय?"

"याच्यात मीठ नाही."

रागिणीच्या हातातला घास तसाच राहिला. मामंजी जेवणाबद्दल बोलले हे तिने या घरात येऊन पहिल्यांदा ऐकलं. मनकर्णाबाईंनी बोट बुडवून चाखलं. खरंच नव्हतं. काहीच नव्हतं, पन्नास वर्षांच्या सवयीचा हात मीठ पाण्यावर सोडून मोकळा झाला होता, आणि हे पाणी मीठ घेऊन आलंच नव्हतं.

"काय वं मने, मीठ सासरीच ठेवून आली काय?"

हे कोणी म्हटलं नाही. पण त्यांना इतकं स्पष्ट ऐकू आलं की त्या ओट्याच्या दाराकडे वळून बघत राहिल्या. कालव्याच्या काठावर जे आलं नव्हतं ते इथे, ताटावर बसल्या बसल्या आलं. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या, मोठ्याने, लहान पोरीसारख्या. विपुल उठू लागला तर नत्थुजींनी त्याला हाताने बसवलं.

डोळे पुसून त्या स्वतःच उठल्या. मिठाची बरणी वरच्या फळीवर होती, लोणच्यापुरती लागणारी, मीठ घट्ट बसलेलं. त्यांनी उलथन्याने ते फोडलं, बोटं आत घातली आणि थांबल्या. किती घालायचं, ते हाताला आठवेना. आईचं माप कुठलं होतं? त्यांनी बोटं बाहेर काढली आणि बरणीच आणून नवऱ्यासमोर ठेवली.

"तुमीच घ्या. माह्या हाताले आता पैल्यापासून शिका लागन."

नत्थुजींनी बरणीतून चिमूट उचलली, आणि आधी तिच्या ताटात टाकली.